भट्टीत सदतीस अंश

तुम्ही विचारलंत, सगळं सर्व्हरवर चालतं तर भट्टीच तेवढी हातानं का लावता. बसा, चहा घ्या, सांगते.

२००९ साल. डिप्लोमा करून मी शिरोली एमआयडीसीत नेमगोंडा आण्णांच्या फाउंड्रीत लागले होते. पुण्याच्या एका गिऱ्हाइकाला आमच्या भट्टीचं तापमान बसल्या जागी बघायचं होतं, म्हणून भट्टीत सेन्सर बसवला आणि आकडे साठवायला परदेशातला एक सर्व्हर भाड्यानं घेतला. क्लाउडवर असतो, म्हटलं. आण्णा म्हणाले, "ढगात? मग पावसाळ्यात काय करायचं गं संघप्रिया?"

माझा भाऊ प्रसेनजीत पुण्यात असतो. त्यानं फोनवरून मला तो काळा पडदा शिकवला. माउस नाही, चित्रं नाहीत. हुकूम टाइप करायचा आणि थांबायचं. एलएस म्हटलं की समोर काय आहे ते दिसतं, सीडी म्हटलं की आतल्या कप्प्यात जाता येतं. टेल म्हटलं की फाइलच्या शेवटच्या ओळी दिसतात, आणि तशीच चालू ठेवली तर नवी ओळही खाली उमटत राहते. मी आपली हरभऱ्याच्या झाडावर.

आमची भट्टी वाळूचे साचे भाजायची, विजेवरची, खोलीएवढी. माणूस वाकून आत जाईल. आण्णा जैन. एकदा मांजरीनं आत पिलं घातली, तेव्हापासून त्यांचा दंडक होता की भट्टी लावण्याआधी आत बघायचं आणि हाक मारायची. हे काम आमच्या भट्टीवरच्या जुन्या कामगाराचं, दादासोमामांचं. रोज सकाळी दारावर थाप मारून ते म्हणायचे, "कोन हाय का आत? भायेर या, भट्टी लावतोय." मला हसू यायचं. मी भट्टीचा स्विच सर्व्हरला जोडून वेळ लावून दिली, म्हणजे भट्टी आपोआप सुरू होईल. मामा म्हणाले, "आत कोन हाय न्हाय ते तुजा सर्व्हर वाकून बगणार व्हय?"

चाचणी सोमवारी ठेवली. आमच्या एमआयडीसीला सोमवारी सुट्टी, कारखाना बंद. दुपारी चारला भट्टी सुरू होणार होती. मी राजारामपुरीत घरी कॉम्प्युटरपुढं बसून ओळी बघत होते. एकोणतीस. एकोणतीस. मग तीस. बत्तीस. पत्रा तापला असेल, म्हटलं. पस्तीस. सदतीस. आणि तिथं आकडा थांबला. सदतीस, सदतीस, सदतीस... उन्हाचा आकडा असा एका जागी बसत नाही. हा माणसाच्या अंगाचा आकडा.

मामांना फोन लावला. नुसता वाजत राहिला. कोडोलीला त्यांच्या घरी लावला, तर ललितामामी म्हणाल्या, "ते शिरोलीला गेल्यात की. हाक मारल्याबिगर पोरगी भट्टी लावतीया म्हनून डबा घिऊन गेल्यात."

पडद्यावरच्या दुसऱ्या खिडकीत जाऊन चारची वेळ काढून टाकायचा हुकूम टाइप करू लागले. एक अक्षर उमटेना. पहिल्या खिडकीत मात्र ओळी येतच होत्या.

स्कूटी कशी हाणली ते मला आठवत नाही. पोचले तेव्हा चारला थोडी मिनिटं होती, आणि मामा शेडबाहेर लिंबाखाली भाकरी खात बसले होते. फोन आत खुंटीवरच्या शर्टात. मी तिथंच फतकल मारून रडले. मग धावत जाऊन भट्टीचा मेन स्विच खाली ओढला.

दार उघडलं. आत कोणी नव्हतं. विटांना हात लावला तर गार. वास मात्र होता. जळक्या वाळूचा नव्हे, घामाचा. बंद खोलीत पुष्कळ माणसं निजल्यावर येतो तसा. ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर आकडा सदतीसच.

"सेन्सर बिघडला असंल," मी म्हटलं.

मामांनी मला हातानं गप्प केलं. दार लावलं, थाप मारली आणि दबक्या आवाजात म्हणाले, "या भायेर... भट्टी लावायची हाय..."

मी पडद्याकडे बघत राहिले. चौतीस. मग तीस. मग एकोणतीस.

"रोज असंच?" मी विचारलं.

"आकड्याचं मला काय ठावं न्हाय," मामा म्हणाले. "पन रोज कोनतरी बाजूनं जातंय. म्या मागं बगत न्हाय."

मी सर्व्हरवरची वेळ काढून टाकली ती कायमची.

त्याच वर्षी थंडीत मामा गेले. घरीच, झोपेत. फाउंड्रीत हाक मी मारली. सदतीस. परत मारली. सदतीस. आण्णांनी मारून बघितली, तरी हलेना. भट्टी लागली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. साचे ओलेच पडून, पुण्याचे फोनवर फोन. आण्णा दाराशी खुर्ची टाकून बसून राहिले.

"दादासोच आसंल गं," ते म्हणाले. "त्याला कोण भायेर बोलवणार?"

मलाही तेच वाटत होतं. खरं सांगते, त्यानं भीती कमी झाली. आपल्या माणसाला काय भ्यायचं?

दिवसकार्य उरकल्यावर मी ललितामामींना बोलावून घेतलं आणि भट्टीपाशी नेलं. त्यांनी लोखंडी दारावर तळवा ठेवला, पदर सावरला आणि म्हणाल्या, "चला... घरला." मी ऑफिसात पळाले. एकतीस, सत्तावीस, चोवीस. बाहेरच्या हवेइतका गार आकडा. फाटकाशी रिक्षा उभी होती. मामी आत बसल्या आणि एका कडेला सरकल्या, शेजारी जागा ठेवून. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. त्याच दुपारी भट्टी लागली.

थोड्या दिवसांनी मामींचा फोन आला. "पोरी, एवढी थंडी पडलीया आन आमच्या घरात उकडतंय बग. दार लावलं की उकडतंय. अंथरुनात तर... कोन चिकटून निजल्यागत..."

"मामाच असतील," मी म्हटलं. "भिऊ नका."

पलीकडून आवाज आला तो अगदी बारीक, तोंडावर पदर धरल्यासारखा.

"जलमभर संसार केला म्या... वळकायची न्हाय व्हय? ह्ये ते न्हवंत, पोरी... आन ह्येला भायेर कसं काडायचं, ते त्यास्नीच ठावं हुतं..."