दोनदा वाजलं की

संगणक जोडून देणं हा माझा धंदाच, त्यामुळे धाकट्या बहिणीसाठी एक जोडणं म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ. तिचा नवरा नुकताच गेला होता. त्याचा जुना संगणक जळला होता, पण आतली डिस्क शाबूत होती आणि बहिणीला त्या डिस्कवरचं एकच काहीतरी हवं होतं. घशाच्या ऑपरेशनच्या आदल्या दिवशी तो दार लावून स्वतःचा आवाज रेकॉर्ड करत बसला होता. त्यानंतर त्याचा आवाज कायमचा गेला.

"माझ्यासाठी दोन शब्द तरी बोलले असतील रे, दादा," ती म्हणाली.

मला शंकाच होती. ती खोलीत पाऊल टाकताच हा गृहस्थ संगणक बंद करायचा. 'तुला काय कळतंय त्यातलं', हे त्याचं पालुपद. पण मेलेल्याबद्दल वाईट बोलू नये म्हणतात, म्हणून मी सरळ कामाला लागलो.

दुपार होती, तरी त्या खोलीत दिवा लावावा लागला, इतके जाड पडदे. त्याच्या गुळण्यांच्या औषधाचा वास अजून भिंतींना चिकटून होता. सगळे भाग नवे कोरे, जुनी फक्त डिस्क. मी बटण दाबलं. पंखा फिरला, पीं पीं असं दोनदा वाजलं आणि सगळं बंद.

चालू होताना काही बिघडलं असेल, तर संगणक असा वाजून सांगतो. दोनदा म्हणजे मेमरीत गडबड. मेमरी काढली, पुसली, परत बसवली. पीं पीं. बंद. दुसरी लावली, वायरी तपासल्या. पीं पीं. बंद. नव्याचे नऊ दिवस म्हणतात, याचे नऊ सेकंदही धड नव्हते. शेवटी वैतागून मी तो वाजणारा बोटभर स्पीकरच उपटला, खिशात टाकला आणि पुन्हा बटण दाबलं.

पीं पीं.

माझा हात तिथेच थबकला. वाजायला आता आत काही उरलंच नव्हतं.

"दादा..." दारात उभी असलेली बहीण हळूच म्हणाली. "मेमरी नाहीये ती."

"मग काय आहे? सांग तूच!"

"आवाज गेल्यावर हे टेबलावर बोटाने वाजवायचे ना... एकदा म्हणजे पाणी. दोनदा म्हणजे... बाहेर जा."

ती मुकाट्याने बाहेर गेली आणि सवयीने तिने दार ओढून घेतलं. मी बटण दाबलं. संगणक सुरळीत सुरू झाला. फक्त पंखा घरघरत होता, शेवटच्या दिवसांत तिचा नवरा गळ्यातल्या नळीतून श्वास घ्यायचा तसा.

आधी आपण ऐकावं म्हणून मी हेडफोन लावला. त्याने ऑफिसातल्या मित्रांचे आभार मानले. शेजाऱ्याच्या कुत्र्याची आठवण काढली. मलाही एक टोमणा मारला. तिचं नाव कुठेच नाही. अगदी शेवटी दारावर टकटक आणि तिचा आवाज, "चहा ठेवू का?" त्यावर त्याचा एकच शब्द. "बाहेर." संपलं. मेलेल्या माणसाचा गळा धरता आला असता, तर मी धरला असता.

"काय म्हणाले?" दाराआडून तिने विचारलं. "माझं नाव घेतलं?"

"घेतलं," मी म्हणालो. "खूप मायेने घेतलं."

ती डोळे पुसत आत आली. संगणक आता बंद पडेल म्हणून मी श्वास रोखून बसलो. पडला नाही. पंखा घरघरत राहिला, आणि मग एकदाच वाजलं. पीं.

"पाणी!" तिचा चेहरा उजळला. धावत जाऊन तिने पेला आणला, संगणकाशेजारी ठेवला आणि खुर्चीमागे जाऊन उभी राहिली, वर्षानुवर्षं उभी राहायची तशी.

"माझ्या घरी चल," मी म्हणालो. "आत्ताच्या आत्ता. हे मी मोडून टाकतो."

"आता कशाला? आता मला बोलावतायत ना हे..."

मी भिंतीतल्या प्लगकडे हात नेला.

पीं पीं.

मी बहिणीकडे पाहिलं. आता ही बाहेर जाईल, मग हिला ओढतच घरी नेऊ. पण ती हलली नाही. तिने माझी पिशवी उचलून माझ्या हातात दिली आणि दार उघडून धरलं. टेबलावरचा पेला अर्धा झाला होता.

"दादा," ती कुजबुजली, "या वेळी मला नाही... तुला सांगतायत."