भुंगेऱ्यातला दुसरा

ही गोष्ट खरी आहे. पटत नसेल तर पुढे सरका. पांढऱ्या साडीतल्या बायका इथे ढिगाने मिळतील.

आणि रात्रबित्र नव्हती. सुट्टीच्या दिवशीची टळटळीत दुपार. संशोधन संस्थेच्या तळमजल्यावरची, खिडकी नसलेली मशीनची खोली.

माझी मावशी तिथे एकटीच होती.

तिचं काम आधी सांगतो, नाहीतर तुमच्या डोक्यावरून जायचं. एखाद्या जिवाच्या डीएनएचे कोट्यवधी बारीक तुकडे मशीनला, म्हणजे एका भल्यामोठ्या कॉम्प्युटरला, द्यायचे आणि त्यातून अख्खी साखळी जुळवून घ्यायची. यावेळी होता लाकूड पोखरणारा एक भुंगेरा. सोमवारी मशीन दुसऱ्या गटाकडे जाणार होतं. त्याआधी साखळी जुळली नाही, तर मावशीची सगळी मेहनत पाण्यात.

आणि प्रोग्राम मेमरी, म्हणजे मशीनची कामाची जागा, खाऊन खाऊन मधेच मरत होता.

"जास्त मेमरी मागवू या ना मॅडम," नमुने तयार करणारा सहकारी म्हणाला होता.

"नाचता येईना अंगण वाकडं! मशीन मोठं करा म्हणणारे सगळे गाढव असतात."

मावशीला गाढवं फार दिसत. रडणारी माणसं तर त्याहून खालची. पूर्वी पाचव्या महिन्यात तिचं पोटातलं मूल गेलं, तेव्हा काका हमसून हमसून रडले. ही म्हणाली, "निसर्गाने चुकलेलं पान फाडलं. त्यात गळा काढण्यासारखं काय आहे?" मुलगा होता की मुलगी, तेही तिने विचारलं नाही.

पुन्हा मूल झालं नाही.

असो. त्या दुपारी तिने एकेक कारण तपासलं. मशीनवर दुसऱ्या कुणाचं काम नव्हतं. तरी मेमरीचा आलेख चढायचा, पंखे घोंगावायचे, आणि...

पडद्यावर एकच शब्द: किल्ड. प्रोग्राम मेला.

वैतागून तिने सगळं बंद केलं. पंखे शांत झाले. चालू कामांची यादी रिकामी.

मेमरी मात्र... भरलेलीच.

टेबलाखाली टक टक झालं. लहानशी टाच पत्र्यावर आपटावी तसं.

"मेले उंदीर," मावशी म्हणाली आणि वाकली.

काहीच नव्हतं.

एकट्या भुंगेऱ्याला एवढी जागा लागत नाही. म्हणजे नमुन्यात दुसरंही कुणीतरी होतं. तिने परके तुकडे वेगळे काढले. माणसाचे निघाले. लगेच सहकाऱ्याला फोन.

"हातमोजे घालायची लाज वाटते का हो?"

"घातले होते मॅडम. आईशप्पथ."

अशी भेसळ पकडायला संस्थेतल्या सगळ्यांचा डीएनए मशीनवर ठेवलेला असतो. तिने जुळवून पाहिला. त्या सहकाऱ्याशी जुळेना. कुणाशीच जुळेना.

फक्त तिच्याशी... नेमका निम्मा.

असं जुळतं ते आईशी, बापाशी किंवा पोटच्या मुलाशी. डीएनए पुरुषाचा होता, म्हणजे आई नाही. आईकडूनच मुलाला मिळतो तो भाग हुबेहूब मावशीचा, म्हणजे बापही नाही.

टक. टक.

"मुलगा होता," मावशी मोठ्याने म्हणाली.

आवाज थांबला.

परके तुकडे पुसायला एक ओळ पुरते. तिने ती लिहिली. बटण दाबलं की मेहनत वाचणार होती. बोट तिथेच राहिलं.

मग तिने काकांना फोन लावला. "अहो, इकडे या ना."

"का गं? काय झालं?"

"मला एकटीला जमत नाहीये."

सोमवारी मशीन गेलं. भुंगेरा दुसऱ्यांनी जुळवला, कौतुकही त्यांचंच झालं. मावशीने जन्मात पहिल्यांदा अर्ज केला: जास्त मेमरी हवी. गाढवांत एकीची भर.

त्याला बरीच वर्षं झाली. आता तिच्या कामात कधी मासा असतो, कधी शेवाळ. परके तुकडे प्रत्येकात निघतात. ती पुसत नाही. आधी त्यांना जागा देते, मग कामाला लागते.

परवा मी तिच्या मशीनपाशी उभा राहून म्हणालो, "काहीतरी घोळ असेल गं. तू पण ना!"

पूर्वीची मावशी असती तर मला सोलून काढलं असतं. तिने नुसता आलेख दाखवला. दरवर्षी त्या तुकड्यांना जागा जास्तच लागते.

"वाढतं अंग आहे रे," ती म्हणाली.

मी हसणार होतो. तेवढ्यात टेबलाखाली...

ती टाच आता लहान मुलाची वाटली नाही.