मसणवटीतील बायकांची वाट

जांब समर्थच्या रस्त्यावरील एका गावी, १९५४ सालच्या माघात, ग्रामपंचायतीने मसणवटीस दगडी कुंपण घालण्याचे ठरविले व ते काम कचरू गवंड्यास दिले. कचरू हा चार इयत्ता शिकलेला, ओळंबा लावल्यावाचून दगडही न बसविणारा मनुष्य. त्याच्या आधीची तीन भावंडे पाळण्यातच गेली होती. म्हणून आईने, तुळजाबाईने, चौथ्यास जन्मताच उकिरड्यावर ठेवून, मृत्यूने टाकाऊ समजून सोडावे या हेतूने, हे नाव दिले होते. त्या तिघांना पुरुषांनी ओढ्यापलीकडच्या याच मसणवटीत नेऊन पुरले. कोठे, ते तिला कोणीच सांगितले नाही. बायकांनी मसणात जायचे नाही आणि जागाही विचारायची नाही, अशी रीत होती.

या रितीचा कचरूस मनस्वी संताप येई. आई सत्तरीस आली होती. डोळे मिटण्यापूर्वी तिने आपल्या लेकरांपाशी एकदा बसावे, एवढेच त्यास हवे होते. त्याने पंचायतीत मागणी केली की, कुंपणात बायकांसाठी वेगळे दार असावे, आत फरसबंद वाट असावी, आणि प्रत्येक लेकरापाशी एक घडीव दगड असावा.

"मसनात बायकांची जत्रा भरवून राह्यला का, कचरू?" भुजंगराव पाटील हसून म्हणाले.

"नऊ महिने ज्यांनी वागवलं त्यांना बंदी, अन् घटकाभर खड्डा खोदनारे तुमी मालक. हे कुठलं बराबर, काका?"

"माझी पोर कुठं पुरली ते मी घरात सांगितलं न्हाई. मरेपर्यंत सांगनार बी न्हाई."

पंचायतीने नकार दिला. कचरूने तरीही दार ठेवले, वाट बांधली, आणि दाराशी घडीव दगड रचून गावातल्या बायांना बोलाविले.

सकाळच्या लख्ख उन्हात अकरा जणी आल्या. पाटलांची बायको झुंबरबाई पुढे होती. तिने एक दगड उचलला, वाट सोडली, आणि गवतातून सरळ चालत जाऊन एका सपाट जागी तो ठेवून खाली बसली.

ओढ्याच्या काठावर उभ्या पाटलांचे हसू मावळले.

"हिला कुनी सांगितलं?"

"तुमीच सांगितलं असंल," कचरू म्हणाला.

"न्हाई रे," पाटील हळूच म्हणाले. "बराबर तीच जागा हाय."

एकामागून एक साऱ्या गेल्या. कोणी इकडेतिकडे पाहिले नाही, कोणी थबकली नाही. कचरूने जमीन निरखून पाहिली. खूण म्हणावी असे तेथे काहीही नव्हते.

कोणी रडलेही नाही. साऱ्या जणी तळहाताने माती थोपटत होत्या, आणि सर्वांचे हात एकाच वेळी पडत होते.

शेवटी तुळजाबाई आली.

"दे बाबा, दगड दे," ती म्हणाली.

त्याने एकेक करून तीन दिले. तिने तीन ठिकाणी ठेवले.

ती पुन्हा दाराशी आली.

"आनखी एक द्या."

"तीनच व्हते ना गं, माय?"

तिने स्वतःच दगड उचलला. कुंपणालगत बसली. थोपटू लागली.

"हे कोन, माय?"

"माझा कचरू," ती म्हणाली.

मग परक्या पुरुषाची चाहूल लागावी तसा तिने पदर कपाळावर ओढून घेतला, आणि अदबीने विचारले,

"तुमी कोनाचे?"