पेणची तारीख

"साहेब, माझे वडील एलियास..."

पेणच्या कचेरीबाहेर बाकावर बसून नाओमी पुटपुटत होती. शेजारचा तरुण म्हणाला, "मोठ्याने म्हणा. साहेबांना कमी ऐकू येतं."

"खरंच?"

"नाय. तुमचा आवाज ऐकायचा होता."

तो कासूचा दिनेश. आईच्या, ठमाबाईच्या निराधार पेन्शनसाठी आलेला. नाओमी रोह्याजवळच्या वरशाची, ज्यू घरातली. तिचे वडील धरमतर बंदराच्या धक्क्यावर रखवालदार होते. ते गेल्यावर आईला पेन्शन नाकारली — कच्च्या नोकरीची वर्षं धरत नाहीत म्हणून. त्यावर अपील केलं होतं, आणि बाजू नाओमीलाच मांडायची होती.

सुनावणी त्या दिवशी झालीच नाही. पुढची तारीख पडली, मग तिच्याही पुढची. दर वेळी दिनेशही आईच्या कामासाठी बाकावर असायचा. आईकडे बघून नाओमीला वाईट वाटायचं... तरी पेणला निघताना ती वेणी पुन्हा सोडून घालायची.

बाकावर दिनेश साहेब व्हायचा. "खाली नका बघू. माझ्याकडे बघून बोला."

"तुमच्याकडे बघितलं की पुढचं आठवत नाय."

मग ती हळू म्हणाली, "पेन्शन नाय मिळाली तर जावं लागेल. भाऊ इस्रायलला असतो, तिकडे बोलावतोय. इथे आम्ही दोघी कशावर राहणार?"

त्यानंतर दिनेशने थट्टा केली नाही. "पुन्हा म्हणा," एवढंच तो म्हणत राहिला. "पहिल्यापासून."

ठमाबाईचं काम आधीच झालं होतं. तरी नाओमीच्या सुनावणीला तो आला, दाराशी उभा राहिला. नाओमी अडखळली नाही. वडील पक्के होण्याआधीही धक्का तोच होता, रात्रपाळी तीच होती, सगळं तिने सांगितलं. साहेबांनी ऐकून घेतलं आणि चष्मा काढला.

"पोरी, तू खोटं बोलत नाहीस. पण हे नियमात बसत नाही."

अपील फेटाळलं.

परतीच्या गाडीत दोघं समोरासमोर बसली. कासू आलं. दिनेश उठला नाही.

"तुमचं स्टेशन गेलं."

"जाऊ दे." तो खिडकीबाहेर बघत होता. "नाओमी... थांब म्हणायचा मला हक्क नाय."

"म्हणून तरी बघ."

"थांब."

तिने त्याचा हात हातात घेतला. नागोठणं मागे पडलं, तेव्हा ती म्हणाली, "माझा जीव इथेच आहे रे... पण आईला एकटीला कशी धाडू?"

रोह्याला आई फलाटावर उभी होती. लेकीचा चेहरा बघून तिला कळलं.

"मावशी, फार चांगली बोलली ती," दिनेश म्हणाला.

आईने त्याच्याकडे पाहिलं, मग नाओमीच्या ओल्या डोळ्यांकडे. "घरी चल बाबा," ती म्हणाली. "चहा घेऊन जा."

श्रावणात मायलेकी इस्रायलला गेल्या. तोवर दर रविवारी दिनेश वरशाला येत राहिला, सामान बांधू लागला. थांब मात्र तो पुन्हा म्हणाला नाही.