कौतिकआत्याची घागर

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या दिवशी माहेरवाशिणी कडुनिंबाच्या झोक्यावर गौराईची गाणी म्हणत होत्या, आणि कुंदा परसात गुडघ्यांवर बसून माती चोळत होती.

चोपड्याच्या त्या घरातला संडासाचा शोषखड्डा गाळानं भरला होता. पाणी उलटं वर येई. नवा खड्डा कुठं घ्यायचा, हे जमीन किती पाणी पिते त्यावर ठरणार होतं. जळगावच्या कॉलेजात शिकून आलेल्या कुंदानं दोन जागी हातभर खोल भोकं खणून घेतली, रात्रभर भिजवली, सकाळी पुन्हा भरली आणि कोळशाच्या खुणा केलेल्या काठ्या त्यात उभ्या केल्या. दुपार उलटली तरी पाणी बोटभरही खाली गेलं नव्हतं.

"कुंदाताई, मातीचे लाडू वळताय का?" सात महिन्यांचं पोट सावरत बेबावहिनी हसली.

"तुमच्यासाठीच वळतेय!"

खाटेवरून तोतारामनाना, तिचे थोरले काका, खाकरले. "पोरी, हाई काळी माटी शे. पानी पेणार नही. दिवा लागेपर्यंत वाट पाहू, मग संडास बंद. आपलाकडे वावर काय कमी शे?"

"मग वावरात तुम्ही जा, नाना! बेबावहिनी या अवस्थेत अंधारात जायची नाही."

पोरी फिसकन हसल्या. नानांनी मात्र तोंड फिरवलं. या घरातली एक बाई दिवेलागणीला शौचासाठी शेतात गेली होती आणि परत आली ती खाटेवरून. नानांची धाकटी बहीण, कौतिक. केळीच्या बागेत तिला साप चावला होता. त्या गोष्टीला वीस वर्षं झाली होती, आणि घरात ती कुणी काढत नसे.

कुंदानं कुंपणाजवळच्या भोकातलं पाणी उपसलं. कुदळीनं त्याच्या कडा गिलावा केल्यासारख्या लिंपल्या गेल्या होत्या. तिनं विळ्यानं त्या खरवडल्या. आता स्वच्छ पाणी हवं होतं. ओसरीच्या टोकाला एक भरलेली घागर दिसली, ती तिनं उचलली आणि भोकात ओतली.

गट्.

कुंदा वाकली. पाणी खाली जात होतं. एक खूण, दोन खुणा...

गट्. गट्.

"पितेय! नाना, काळी माती पाणी पितेय!" ती नाचायलाच लागली. झोका सोडून सगळ्या धावत आल्या, टाळ्या पिटू लागल्या. मग एकेकीचे हात थांबले. माती पाणी शोषते तेव्हा आवाज होत नाही. हा आवाज घशाचा होता. बऱ्याच दिवसांच्या तहानेचा. आणि भोकातून केळीच्या ओल्या बागेचा वास येत होता.

"कोणती घागर लिधी तू?" नाना उठून उभे राहिले.

ओसरीवर पितरांच्या नावानं भरलेल्या घागरी ओळीनं मांडल्या होत्या, प्रत्येकीवर एक खरबूज. शेवटच्या घागरीवरचं खरबूज पोरींनी केव्हाच पळवून खाल्लं होतं. कुंदाला ती पिण्याच्या पाण्याची साधी घागर वाटली होती.

"ती कौतिकनी व्हती..." नाना भोकापाशी खाली बसले. "साप चावल्यावर पाणी देऊ नये म्हणत... ती मांगत व्हती. मी दिधं नही."

भोकात शेवटचा घोट वाजला. मग कुणीतरी समाधानानं सोडावा तसा एक सुस्कारा.

कुंदा दुसऱ्या भोकाकडे गेली. त्याच्या कडाही तिनं खरवडून पुन्हा पाणी ओतलं, तिथलं पाणी जागचं हललं नाही.

"आठेच खंद, पोरी," नाना कुंपणाजवळच्या भोकाकडे बोट करत म्हणाले. "आठेच."

पुढच्या आखाजीला बेबावहिनीच्या कडेवर गुटगुटीत पोर होतं, आणि नवा शोषखड्डा एकदाही उलटला नव्हता. दिवेलागणीला ती संडासाकडे गेली, तर दाराला आतून कडी.

"आत कोण गं?"

आत पाणी वाजलं. वहिनीनं मागं वळून पाहिलं. घरातल्या सगळ्या बाया झोक्यापाशी होत्या. कुंदा दार ठोठावायला धावली, तर नाना वाटेतच कंदील घेऊन उभे. दाराकडे पाठ करून.

"गडबड करू नको," ते हलकेच म्हणाले. "जराशी थांब. निवांत जाऊ दे तिले."

कडी वाजली. दार उघडलं. आत कुणीच नव्हतं. फरशी ओली होती. आणि पुढच्या बाईसाठी भरून ठेवलेल्या लोट्यातलं पाणी अजून हलत होतं.