मावशींचा कप

आमच्या ऑफिसातले सर्व्हर एका काचेच्या खोलीत होते. ती खोली इतकी गार, की बारा महिने आम्ही तिथे स्वेटर घालून बसायचो. सगळे प्रोग्राम एका फ्रेमवर्कवर, म्हणजे एकाच तयार सांगाड्यावर, उभे होते. त्याचा अपडेट आला की ते सगळे नव्याने कंपाईल करावे, म्हणजे पुन्हा बांधून घ्यावे लागत. मावशी ते हातानं करायच्या. मावशी म्हणजे आमच्या सीनियर. साहेबही त्यांना मावशीच म्हणत. काम चालू असेपर्यंत त्यांचा निळ्या काठाचा कप सर्व्हरच्या कपाटावर सुलटा, संपलं की उपडा. कप उपडा झाल्याशिवाय कुणी कशाला हात लावायचा नाही.

मावशी वारल्या आणि ते काम माझ्या गळ्यात पडलं. कप तिथेच राहिला, सुलटा. त्यात परगावी माझ्या लेकीचे दिवस भरत आलेले.

साहेब म्हणाले, "रजा घ्या की. पण अपडेट आला तर?"

म्हणून मी स्क्रिप्ट लिहिली; अपडेट आला की तीच सगळं कंपाईल करणार. पहिल्या खेपेला पडद्यावर 'काम पूर्ण' उमटलं. मी वळले, तर कप उपडा.

"साहेब, चेष्टा पुरे."

"ताई, त्या फ्रीजमध्ये मी पाय तरी ठेवतो का?"

दुसऱ्या खेपेला मी कप सुलटा ठेवूनच सुरुवात केली. 'काम पूर्ण' आलं, पण कप सुलटाच. मी उगाच तपासलं. एक प्रोग्राम राहून गेला होता. स्क्रिप्ट दुरुस्त केली, पुन्हा चालवली, मान वर केली, तर कप उपडा.

साहेब हसून बेजार. "मावशी काही रिटायर होत नाहीत."

मलाही हसू आलं. भीती नाही, उलट धीरच आला. मी रजेवर गेले.

नात झाली त्याच सकाळी अपडेट आला. मी दवाखान्यातल्या लेकीच्या खोलीतूनच फोन लावला.

"काम पूर्ण म्हणतेय तुमची स्क्रिप्ट," साहेब म्हणाले. "तुमच्याकडे काय?"

"नात झाली. दोघी सुखरूप. आणि कप?"

"तो तुम्हीच नेलात ना?"

मी नेला नव्हता.

मी वळले. लेक झोपली होती. तिच्या उशाशी टेबलावर निळ्या काठाचा कप होता.

सुलटा.

मी नर्सला हाक मारली. तिनं पांघरूण बाजूला केलं आणि डॉक्टरांना आणायला धावली. चादर रक्तानं भिजली होती.

दुपारी लेकीनं डोळे उघडले. "आई, बाळ कुठंय?"

कप उपडा होता.

नात आता कॉलेजात जाते. उन्हाळ्यात तिला पाणी त्याच कपातून लागतं. बर्फ घालावा लागत नाही.