धरणातली ट्यूब

सई, हसायचं तर आताच हसून घे. आणि यज्ञेश, तो मोबाइल खाली ठेव. ही ऐकीव गोष्ट नाही. ज्याच्यावर बेतली तो जितेश माझा विद्यार्थी, आणि आपल्या याच ओट्यावर बसून त्याने ती मला सांगितली आहे.

जितेशचं घर कोंडाण्याकडे, नोकरी मोहोपाड्याला. दिवाळीनंतर एका रविवारी तो कुंभिवलीला पंक्चरवाल्याकडे गेला, ट्रकच्या टायरची जुनी ट्यूब आणायला. तिच्यात बसून मासे धरायचे होते. मोबाइलवर बघितलं असणार, दुसरं काय! सोबत मनोज, लहानपणापासूनचा जोडीदार. दोघांनी मोडक्या बाजेची नवार विणून ट्यूबच्या मधोमध बैठक केली. गळाची काठी उभी राहावी म्हणून पाइपचे तुकडे बांधले. पाणी मारायला पायांत घालायचे रबरी पंजे मागवले. हौसेला मोल नसतं. अडचण एकच, जितेशला पोहता येत नव्हतं.

म्हणून दोरी. एक टोक ट्यूबला, दुसरं काठावर मनोजच्या हातात. ओरडलं की मासे पळतात, तेव्हा जे बोलायचं ते दोरीने. एक हिसका म्हणजे ढील दे, तीन म्हणजे ओढ.

"सोडू नको रं," जितेश दर वेळी म्हणायचा.

"येडा हायस का? जीव हाय तो तुजा," मनोज म्हणायचा.

चार डिसेंबर दोन हजार चोवीस, बुधवार. डोंगराखालचं धरण, आसपास वस्ती नाही. साडेआठच्या सुमारास चंद्राची कोर डोंगराआड गेली. जितेश बराच आत होता. तेवढ्यात मांडीखालून बारीक आवाज यायला लागला. ट्यूबमधून हवा जात होती. घाबरला, पण फार नाही. त्याने तीन हिसके दिले.

दोरी ताणली. ट्यूब हलली. जितेश म्हणतो, "सर, तेव्हा मन्या मला देवासारखा वाटला."

मग त्याने सहज मागे बॅटरी मारली.

काठ लांब चालला होता.

दोरी काठाकडे नव्हतीच. पुढे होती. खोल पाण्याकडे... तिरकी, खाली.

"मन्या?"

...

पुन्हा ओढ. सावकाश. कोणी हातावर हात टाकत ओढावं तशी. पाणी छातीला लागलं.

"मन्या..."

काठावर कोणी नव्हतं.

आमिष कापायची सुरी खिशात होती. त्याने दोरी मुठीत धरली. कापली. ओढ थांबली. मग तो नुसता पाय मारत राहिला, आणि ट्यूब मऊ पडत गेली. किती वेळ, ते त्याला सांगता येत नाही. पायाला चिखल लागला तेव्हा तो लहान पोरासारखा रडत होता.

मनोज वर रस्त्यावर फोनवर बोलत उभा होता.

"दोरी कुठं हाय?" जितेशने विचारलं.

"खाली रेंज नव्हती रं. तो मानूस बोलला, तू जा, मी धरतो."

"कोन मानूस?"

"मागं हुबा व्हता..."

"त्वांड बगितलंस त्याचं?"

मनोजने फोन खिशात टाकला.

"मी ती तुज्या हातात दिलती," जितेश म्हणाला. "तुज्या."

भुताला मी दोष देत नाही, पोरांनो. ते परकं, त्याचा काय भरवसा. पण हा आपला होता. फोनवर दोन शब्द बोलायला जोडीदाराचा जीव कुणाच्याही हातात देऊन मोकळा झाला. केसाने गळा कापला त्याने. माझं अजून डोकं फिरतं.

जितेशने ट्यूब तिथेच टाकली आणि चालत घरी गेला. आता आयुष्यात याचं तोंड बघायचं नाही, असं ठरवून झोपला.

सकाळी सहाला मनोजची बायको नम्रता दारात.  जितेशचा हात धरून त्याला आपल्या घरी घेऊन गेली.

मनोज खाटेवर बसला होता. डोळे उघडे. उजव्या मनगटाला दोरी बांधलेली. तीच, ओली. दुसरं टोक दाराबाहेर, अंगणातून, धरणाच्या वाटेला गेलेलं.

आणि दोरी... ताणलेली होती.